घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पमधला घुमणारा बेस : दोष शोधण्याची आणि काढण्याची रीत

घरी बांधलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पहिल्यांदा सुरू होतो, त्यातून गिटार ऐकू येते आणि बांधणाऱ्याचा आनंद साधारण पाच मिनिटे टिकतो. मग लक्षात येते की जाड तार छेडली की सूर कमी आणि घुमारा जास्त येतो, पूर्ण कॉर्ड वाजवली की सहाही तारांचा काला होतो, आणि आवाज वाढवला की डग्ग्यावर घिस्सा मारल्यासारखा काहीतरी भसाडा नाद स्पीकरमधून बाहेर पडतो. ‘बेस फार आहे’ अशी तक्रार घेऊन नवखा माणूस मग एकामागून एक कपॅसिटर बदलू लागतो, आणि दोन दिवसांनी मूळ सर्किट कोणते होते हेही त्याला आठवत नाही.

तसे होऊ नये म्हणून हा लेख आहे. उदाहरणासाठी मी सर्वांत साधा अ‍ॅम्प धरला आहे : एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह) आणि एक रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), म्हणजे १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्पच्या धाटणीचा. (१२एएक्स७ म्हणजे जुन्या रेडिओवाल्यांचा ईसीसी८३.) तुमचा अ‍ॅम्प मोठा असला, दोन पॉवर व्हॉल्व्हचा असला, तरी शोधण्याची रीत बदलत नाही.

आधी जिवाची काळजी

या पेटीत ३०० ते ४०० व्होल्टचा डीसी असतो आणि फिल्टर कपॅसिटर (डीसीतली लहर गाळणारे) तो दाब मेन्सची पिन काढल्यानंतरही धरून ठेवतात. म्हणून प्रत्येक वेळी पिन काढावी, १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपने चॅसिस आणि फिल्टर कपॅसिटरचे धन टोक यांच्यामध्ये काही सेकंद लावावा, आणि मल्टिमीटरवर दाब १० व्होल्टच्या खाली आल्याचे पाहिल्याशिवाय आत बोट घालू नये. अ‍ॅम्प सुरू असताना मोजमाप करायचेच असेल, तर मीटरची काळी क्लिप आधी चॅसिसला अडकवावी आणि एकाच हाताने काम करावे. मेन्सची अर्थ वायर कोणत्याही कारणाने, अगदी हम (मेन्सची गुणगुण) घालवण्यासाठीसुद्धा, तोडू नये. स्पीकर किंवा त्याच्या जागी योग्य रेझिस्टर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प वाजवू नये, कारण भाराविना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि या सगळ्या साहित्यात महाग वस्तू तीच असते.

दोष अ‍ॅम्पमध्येच आहे का?

हे तपासायला सोल्डरिंग आयर्न लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण ही पायरी गाळतात.

अ‍ॅम्प खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला असेल, तर जमीन आणि दोन भिंती मिळून खालचे स्वर चांगलेच फुगवतात. आपल्याकडची १० बाय १०ची खोली तर या बाबतीत विशेष वाईट, कारण लांबी आणि रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांचे नाद एकाच ठिकाणी येऊन पडतात. दहा फुटांच्या अंतरात पहिला नाद सुमारे ५६ हर्ट्‌झला आणि दुसरा सुमारे ११२ हर्ट्‌झला येतो, आणि गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की ११० हर्ट्‌झ देते. त्यामुळे फक्त तीच तार आणि तिच्या शेजारचे स्वर घुमत असतील, लोखंडी कपाटाचे दार त्याच स्वराला थरथरत असेल, तर सर्किटला हात लावण्याआधी अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवून खोलीच्या दुसऱ्या भागात नेऊन ऐकावा. बेस सगळ्याच स्वरांवर सारखा जास्त असेल तर दोष बहुधा सर्किटमध्ये असतो. एखाद-दुसऱ्या स्वरावरच असेल तर तो खोलीत किंवा खोक्यात असतो. ही एक खूण पुष्कळ मेहनत वाचवते.

स्पीकरही तपासावा. गिटारसाठी बनवलेला स्पीकर साधारण २ ते ४ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात उठून वाजतो आणि ५ हजारांच्या पुढे उतरतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ‘आठ इंची द्या’ म्हटल्यावर हाती पडणारा स्पीकर होम थिएटरचा वूफर असू शकतो, आणि त्याला तो मधला उठाव नसतो. असा वूफर लहान, मागून पूर्ण बंद केलेल्या खोक्यात बसवला, की खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एकच स्वर ढोलासारखा वाजतो. दुसऱ्या कोणत्याही गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर, इम्पीडन्स (स्पीकरवरचा ओहमचा आकडा) जुळत असेल तर, तात्पुरता जोडून ऐकावा. शक्य नसल्यास खोक्याची मागची फळी काढून ऐकावे. मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजातला बेस काही अंशी रद्द करतो. जुने छोटे गिटार अ‍ॅम्प मागून उघडे असत, त्याचा हा आयता फायदा.

गिटारचे काय? मानेजवळचा हंबकर पिकअप, टोनचे बटण उतरवलेले आणि लांबलचक स्वस्त केबल, एवढ्यानेही आवाज घुमू शकतो. पुलाजवळच्या पिकअपवर आणि आखूड केबलने ऐकून ही शंका फेडावी.

बेस जास्त की ट्रेबल कमी?

माझ्या मते सगळ्या शोधातला हाच प्रश्न मोलाचा आहे, कारण कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येते. ट्रेबल हरवला की उरलेला आवाज घागरीतून आल्यासारखा लागतो आणि आपण बेसला दोष देतो. अशा अ‍ॅम्पमधला बेस कमी केला तर हाती फक्त किरटा, निर्जीव आवाज उरतो.

ओळख सोपी आहे. पहिल्या तारेवर बाराव्या घराच्या पुढचे स्वर वाजवावेत आणि प्लेक्ट्रमचा तारेवरचा आघात नीट ऐकावा. तो आघात टोकदार ऐकू येत असेल आणि तरीही खालच्या तारा घुमत असतील, तर बेस खरोखरच जास्त आहे. आघात बोथट असेल, जणू कोणी स्पीकरवर घोंगडी टाकली आहे, तर ट्रेबल कुठेतरी गळतो आहे.

गळतीची पहिली जागा म्हणजे इनपुट जॅक आणि पहिल्या व्हॉल्व्हचे ग्रिड (सिग्नल जिथे शिरतो ते टोक) यांच्यामधला रेझिस्टर. तो ६८ किलोओहमचा असावा लागतो. १२एएक्स७च्या ग्रिड आणि प्लेट (वाढलेला सिग्नल जिथून निघतो ते टोक) यांच्यामधली धारिता (कपॅसिटन्स) जेमतेम १.६ पिकोफॅरड असली, तरी ती व्हॉल्व्हच्या वर्धनाने, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो त्याने, गुणली जाते आणि वायरिंगसह ग्रिडवर १०० ते १५० पिकोफॅरड भरते. ६८ किलोओहमबरोबर ही धारिता १० हजार हर्ट्‌झच्या वरच कापते, म्हणजे गिटारला बाधत नाही. तिथे चुकून ६८० किलोओहम बसला, तर काप दीड-दोन हजार हर्ट्‌झला येतो आणि सगळी धार जाते. निळा-राखाडी-नारिंगी आणि निळा-राखाडी-पिवळा यांत एका पट्टीचा फरक. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली तो फरक मला दिसला नव्हता, आणि त्या एका रेझिस्टरपायी मी तीन कपॅसिटर विनाकारण बदलले. तेव्हापासून प्रत्येक रेझिस्टर लावण्यापूर्वी मीटरवर मोजतो. पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्म रेझिस्टरच्या बाबतीत तर हे केलेच पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे व्हॉल्यूमचे बटण. १ मेगओहमच्या पॉटवर मधल्या स्थितीत पुढच्या ग्रिडला सुमारे २५० किलोओहम दिसतात, आणि तिथला काप ४ ते ६ हजार हर्ट्‌झच्या आसपास येतो. बटण पूर्ण वर नेले की धार परत येते आणि मध्यावर पुन्हा जाते, असे होत असेल तर कारण हेच. पॉटच्या वरच्या आणि मधल्या पायामध्ये ४७ ते १२० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावल्याने ते भागते. पॉटपासून व्हॉल्व्हपर्यंत लांब शील्डेड वायर नेली असेल, तर ती आखूड करावी. दर मीटरला अंदाजे १०० पिकोफॅरडची भर तीच घालते.

हमला बेस समजू नका

आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्‌झचा आहे, त्यामुळे फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्‌झची असते, आणि सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या घरातला स्वर ९८ हर्ट्‌झचा. दोन्ही इतके जवळ की फिल्टर कपॅसिटर निकामी असेल तर त्या भागातला प्रत्येक स्वर जाड आणि किंचित बेसूर लागतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून ऐकावे : गुणगुण राहत असेल तर आधी फिल्टरिंग आणि अर्थिंग दुरुस्त करावे. बोटीच्या इंजिनासारखी ‘पुटपुट’ येत असेल, तर प्रत्येक टप्प्याला वीज पुरवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोड्यांपैकी एखादा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उघडा पडला आहे किंवा त्याचा सोल्डरचा डाग सुटला आहे. जुन्या बाजारातून उचललेले इलेक्ट्रोलिटिक अशा ठिकाणी वापरू नयेत. जुना व्हॉल्व्ह चालतो, जुना इलेक्ट्रोलिटिक नाही.

याच वेळी दोन-चार दाब मोजून घ्यावेत. १२एएक्स७च्या कॅथोडवर (व्हॉल्व्हचे तिसरे टोक), म्हणजे ३ आणि ८ क्रमांकाच्या पायांवर, साधारण एक ते दोन व्होल्ट असावेत. ६व्ही६च्या ५ क्रमांकाच्या पायावर, म्हणजे ग्रिडवर, शून्य असावे. तिथे धन दाब दिसला तर आधीचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे नेणारा) डीसी गळतो आहे असे समजून तो आधी बदलावा, नाहीतर व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊन तो जाईल.

खरा बेस : तो कुठून शिरतो

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. अशा साध्या सर्किटमध्ये बेस मुद्दाम वाढवणारे काही नसते. तो फक्त अडवलेला नसतो. गिटारचा सर्वांत खालचा स्वर ८२ हर्ट्‌झचा आहे, त्यामुळे त्याखालचे काहीही अ‍ॅम्पमधून जाण्याची गरज नाही. आणि बेस अडवायचा तो आवाज फाटण्याआधी, म्हणजे शक्य तितक्या सुरुवातीच्या टप्प्यात. फाटलेल्या आवाजातून नंतर बेस काढला तरी बेसने केलेली नासधूस तशीच राहते.

हिशेबासाठी एकच सूत्र पुरते : १५९ या आकड्याला किलोओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागले की कापाची वारंवारता हर्ट्‌झमध्ये मिळते. या वारंवारतेला पातळी ३ डेसिबलने उतरलेली असते आणि तिच्या खाली ती घसरत जाते.

पहिला दरवाजा कॅथोड बायपास कपॅसिटरचा. १.५ किलोओहमच्या कॅथोड रेझिस्टरला समांतर २५ मायक्रोफॅरड लावण्याची फेंडरची जुनी सवय आहे, आणि तो कपॅसिटर गिटारच्या सगळ्या पट्ट्यात व्हॉल्व्हला पूर्ण वर्धन देतो. १०० किलोओहमच्या प्लेट रेझिस्टरसह १२एएक्स७चे वर्धन बायपास असताना सुमारे ६० आणि नसताना सुमारे ३० असते, म्हणजे फरक ६ डेसिबलचा. कपॅसिटर लहान केला की वरच्या स्वरांना साठपट आणि खालच्यांना तीसपट वर्धन मिळते, म्हणजे एक सौम्य पायरी तयार होते. १ मायक्रोफॅरडला ही पायरी सुमारे १०० ते २०० हर्ट्‌झमध्ये पडते, ०.६८ला दीडशे ते तीनशेमध्ये, आणि ४.७ला ती इतकी खाली जाते की गिटारला कळतही नाही. बेस पूर्ण न कापता ६ डेसिबलने बसवण्याची ही पद्धत मला सर्वांत जास्त आवडते, आणि नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

याचे उत्तम उदाहरण मार्शलच्या १९५९ या मॉडेलमध्ये आहे (हे मॉडेलचे नाव, सन नव्हे). त्याच्या एका चॅनेलच्या पहिल्या कॅथोडवर २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड असतात, दुसऱ्यावर ८२० ओहम आणि त्याच्या कित्येक पट मोठा कपॅसिटर. पहिला चॅनेल धारदार, दुसरा गुबगुबीत. या घराण्याचे मूळ फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पमध्ये आहे, आणि बासमन, नावाप्रमाणेच, बास गिटारसाठी बनला होता. तुम्ही त्या वंशातले सर्किट जसेच्या तसे उतरवले असेल, तर मोठे कपॅसिटर हा तुमच्या हातून झालेला दोष नसून वारसा आहे.

दुसरा दरवाजा कपलिंग कपॅसिटरचा, आणि इथेच नवखे लोक चकतात. पहिली प्लेट आणि १ मेगओहमचा व्हॉल्यूम यांच्यामध्ये ०.०२२ मायक्रोफॅरड असेल, तर सूत्राने काप ७ हर्ट्‌झला येतो. तो बदलून ०.०१ लावला तर १६ हर्ट्‌झ, ०.००४७ लावला तर ३४ हर्ट्‌झ. गिटार ८२ला सुरू होते, त्यामुळे कानाला काहीच फरक कळत नाही आणि माणूस निष्कर्ष काढतो की कपलिंग कपॅसिटरचा बेसशी संबंध नाही. संबंध आहे, पण समोरचा रेझिस्टर मोठा असल्यामुळे कपॅसिटर फार लहान करावा लागतो : ०.००२२ला ७२ हर्ट्‌झ, ०.००१ला १५९. उलट ६व्ही६च्या ग्रिडवर २२० किलोओहम असल्याने तिथे ०.०२२चा काप मुळातच ३३ हर्ट्‌झला आहे आणि ०.००४७ लावताच तो १५४ला जातो, जिथे सहाव्या तारेचा मूळ स्वर जवळपास निम्मा होतो. म्हणजे कपॅसिटरचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो कोणत्या रेझिस्टरसमोर उभा आहे ते आधी पाहावे.

बसवलेला कपॅसिटर तरी तोच आहे का, हेही तपासावे. २२३ म्हणजे ०.०२२, २२४ म्हणजे ०.२२ मायक्रोफॅरड, ४७२ म्हणजे ०.००४७, ४७३ म्हणजे ०.०४७. शेवटच्या अंकाची चूक दहापट पडते. नवीन कपॅसिटर फिल्मचा आणि किमान ४०० व्होल्टचा, शक्यतो ६३० व्होल्टचा घ्यावा.

मोठ्या कपलिंग कपॅसिटरचा आणखी एक उपद्रव आहे. जोरात वाजवल्यावर पुढच्या व्हॉल्व्हचे ग्रिड धन होते, त्यातून प्रवाह वाहतो आणि कपॅसिटर उलट दिशेने भारला जातो. आघात संपल्यावरही तो भार ग्रिड रेझिस्टरमधून ओसरेपर्यंत व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहतो, आणि आवाज आधी फरफरतो, दबतो, मग फुगून वर येतो. ०.०२२ आणि २२० किलोओहमला हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या आत असतो, ०.१ आणि १ मेगओहमला तो १०० मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे वेगाने वाजवलेला पुढचा स्वर त्यातच बुडतो. हळू वाजवताना स्वच्छ आणि जोरात वाजवताना भसाडा असा अ‍ॅम्प असेल, तर कपॅसिटर लहान करण्याबरोबरच ६व्ही६च्या ग्रिडला लागूनच १० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर ओळीने (सीरिजमध्ये) टाकून पाहावा.

टोनची बटणे असलेल्या अ‍ॅम्पबद्दल थोडक्यात. फेंडर पद्धतीच्या टोन सर्किटमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर, २५० पिकोफॅरड, ०.१ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात, आणि ते मधले स्वर, साधारण चार-पाचशे हर्ट्‌झचे, मुद्दाम खाली दाबते. मधले स्वर खचले की बेस आपोआप मोठा वाटतो. १०० किलोओहमच्या जागी मार्शलप्रमाणे ३३ किलोओहम टाकल्यास मधले स्वर बरेच भरून येतात. बेसचे बटण फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर आधी त्या पॉटच्या जोडण्या आणि टोन सर्किटचा चॅसिसकडे जाणारा सोल्डरचा डाग पाहावा.

फीडबॅकची वायर

चॅम्पच्या धाटणीत स्पीकरच्या टोकापासून २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला सिग्नल परत आणलेला असतो. ६व्ही६सारख्या व्हॉल्व्हला स्पीकरच्या हालचालीवर स्वतःचा ताबा फारसा नसतो. तो ताबा हा फीडबॅक देतो. ही वायर तुटली किंवा लावायचीच राहिली, तर अ‍ॅम्प चालतो, उलट जास्तच जोरात चालतो, पण स्पीकर स्वतःच्या नैसर्गिक कंपनाला, म्हणजे बहुतेक गिटार स्पीकरमध्ये ८० ते १२० हर्ट्‌झला, मोकाट घुमतो. वायर उलट कलेत (फेजमध्ये) जोडली गेली तर अ‍ॅम्प किंचाळतो; तेव्हा अ‍ॅम्प लगेच बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूची दोन टोके अदलाबदल करावीत.

हा दोष नक्की करण्यासाठी एक चाचणी आहे. स्पीकरच्या जागी त्याच इम्पीडन्सचा, उदाहरणार्थ ८ ओहम २० वॉटचा, वायरवाउंड रेझिस्टर जोडावा. चार्जरला न लावलेल्या फोनवरच्या सिग्नल जनरेटरमधून ८२, १६५ आणि ३३० हर्ट्‌झचे सूर एकामागून एक, सारख्याच आणि कमी पातळीवर इनपुटला द्यावेत आणि रेझिस्टरवरचा एसी दाब मोजावा. (स्वस्त मल्टिमीटर याहून वरच्या वारंवारतांना खोटे बोलतात, म्हणून एवढ्यावरच थांबावे.) तिन्ही आकडे जवळपास सारखे आले, आणि स्पीकर लावल्यावर मात्र बेस घुमला, तर दोन शक्यता उरतात : फीडबॅक आणि खोका ही एक, आणि सर्किट सगळा बेस प्रामाणिकपणे जाऊ देते आहे ही दुसरी. फीडबॅकची वायर शाबूत असेल तर कॅथोड आणि कपलिंगकडे वळावे. टोन सर्किट असलेल्या अ‍ॅम्पमध्ये ३३०चा आकडा ८२पेक्षा कमी येणे साहजिक आहे.

बदल कसे करावेत

एका वेळी एकच बदल करावा, वहीत लिहावा आणि जुना भाग पिशवीत नाव घालून ठेवावा. पहिल्या कॅथोडचा कपॅसिटर काढायच्या आधी त्याचे फक्त एक टोक सोडवून ऐकावे : ६ डेसिबल कमी झालेला आवाज व्हॉल्यूमने भरून काढला आणि घुमारा गेला असे वाटले, तर तिथे १ किंवा ०.६८ मायक्रोफॅरड लावावा. पुरेसे झाले नाही तरच ६व्ही६च्या आधीचा ०.०२२ बदलून ०.०१ लावावा, ज्याने काप ७२ हर्ट्‌झला येतो, ०.००४७ हा त्यानंतरचा उपाय. माझ्या अनुभवात कॅथोडचा एक आणि कपलिंगचा एक, एवढ्या दोन बदलांपलीकडे जावे लागले की शोधात कुठेतरी आधीची पायरी गाळलेली असते.

बदल ऐकताना आवाजाची पातळी ज्या पातळीवर तुम्ही प्रत्यक्ष वाजवणार आहात तीच ठेवावी. कमी आवाजात माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो, त्यामुळे रात्री शेजाऱ्यांना जपत केलेली जुळवणी दुसऱ्या दिवशी ड्रमरसमोर पुन्हा घुमू लागते. तालमीच्या जागी अ‍ॅम्प, दोन-तीन मोजलेले कपॅसिटर आणि ती वही बरोबर न्यावी, तिथे वाजवून ऐकावे, आणि भाग बदलायचा झाला तर घरी येऊन, पिन काढून, कपॅसिटर रिकामे करूनच बदलावा.